आंब्याच्या आढीतला ताप मोजायचा, त्यासाठी घरचा कर्नल ड्रायव्हर

एप्रिल-मेमध्ये देवगडकडे कुणाच्याही घरी जा, माळ्यावर, पडवीत, खाटेखाली जिथे जागा मिळेल तिथे भाताचा पेंढा आणि त्यात हापूस. आढी लावली की आंबा आतल्या आत श्वास घेत राहतो, इथिलीन सोडतो, आणि त्या श्वासातून उष्णता निघते, त्यामुळे मधल्या थरात हात घातला की गरम लागतं. आमच्याकडे हे हात घालूनच बघतात. मला वाटलं आपण लिनक्सवाले लोक, हात कशाला घालायचा, सेन्सर टाकू. टाकला. मग वाटलं की पायथॉनच्या चार ओळींत काय मजा, त्याचा ड्रायव्हरच लिहू, म्हणजे चिपशी बोलणारा कोड, कर्नलमध्ये म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात लोड होणारा. तर हे त्याचं गाईड, माझ्या चुका धरून, कारण खरं शिक्षण चुकांतच झालं.

आधीच सांगून टाकतो, मी वापरलेली तापमान मोजणारी चिप एलएम७५ आहे आणि तिचा चांगला ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे, हार्डवेअर मॉनिटरिंगच्या फोल्डरात. नुसतं काम करून घ्यायचं असेल तर तोच वापरा, माझ्यापेक्षा हुशार लोकांनी लिहिलाय. पण शिकायला हीच चिप घ्या म्हणेन, कारण हिच्यात फक्त चार रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, आहेत: शून्यावर तापमान, एकवर कॉन्फिगरेशन, दोन आणि तीनवर अलार्मच्या मर्यादा. आपल्याला पहिली दोनच लागणार. पहिल्याच खेपेला एखादा वायफाय चिपचा ड्रायव्हर घ्याल तर पावसाळा संपेल पण प्रोब फंक्शन, म्हणजे चिप सापडली की कर्नल बोलावतो ते, संपणार नाही.

अजून एक, मी सगळी नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात आणि फाईलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

जोडणी पटकन उरकू. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या (पुढे नुसतं पाय) पिन १ वर ३.३ व्होल्ट, पिन ३ वर डेटा म्हणजे एसडीए, पिन ५ वर क्लॉक म्हणजे एससीएल, पिन ६ ला ग्राउंड. सेन्सरला ५ व्होल्ट देऊ नका, चिप सहन करेल पण सेन्सरच्या बोर्डावरचे पुल-अप रेझिस्टर तेच ५ व्होल्ट पायच्या पिनांवर आणतील आणि पायला ते चालत नाही. चिपचे ए०, ए१, ए२ तिन्ही ग्राउंडला असले की पत्ता येतो ०एक्स४८. मग रास्पी-कॉन्फिगमध्ये जाऊन आय२सी, म्हणजे या दोन वायरींवरून चिपांशी बोलायची पद्धत, चालू करा, आय२सी-टूल्स इन्स्टॉल करा आणि 'आय२सीडिटेक्ट -वाय १' मारा. तक्त्यात ४८ दिसलं की झालं. नाही दिसलं तर कोड लिहायला बसू नका, वायर बघा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या वायरी दोन महिन्यात हिरव्या पडतात, त्यामुळे सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवलेली बरी, नुसत्या जंपर वायरवर विश्वास ठेवाल तर तुम्ही ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसाल आणि बग पिनवर बसलेला असेल.

वायरच्या लांबीचं पण बघा. आय२सी हा फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेला बस, म्हणजे चिपांची सामाईक वाट, एका बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून, माळ्यावरून ओटीवर बोलावं म्हणून नाही. बसवर एकूण ४०० पिकोफॅरडपर्यंत कपॅसिटन्स चालतो आणि वायर लांबली की तो वाढतच जातो. मी पाय आढीच्या शेजारीच ठेवला, आणि वर स्पीड १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणला, कॉन्फिग फाईलमध्ये 'डीटीपॅरम=आय२सी_आर्म_बॉडरेट=१००००' एवढी एक ओळ. आंबा पिकायला आठ-दहा दिवस घेतो, त्याला क्लॉक स्पीडची घाई नाही.

आता बिल्डची तयारी. चालू कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्याच्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाईली, लागतात आणि ते तंतोतंत त्याच व्हर्जनचे हवेत, 'युनेम -आर' जे दाखवेल तेच. मेकफाईल, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाईल, अगदी छोटी आहे: पहिली ओळ 'ओबीजे-एम += आढी७५.ओ', आणि मॉड्यूल्सच्या टार्गेटखाली मेकला '-सी' देऊन लिब-मॉड्यूल्सच्या आत चालू कर्नलच्या बिल्ड फोल्डरात पाठवायचं आणि 'एम=' मध्ये आपल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. म्हणजे खरं काम कर्नलची स्वतःची बिल्ड सिस्टीम करते, आपण फक्त आमची फाईल पण घे म्हणून सांगतो. कमांडच्या ओळीआधी टॅब हवा, स्पेस नाही, यात माझा एक अख्खा संध्याकाळचा चहा थंड झालाय. हेडर्स जुळत नसतील तर लोड करताना 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येतं, तेव्हा गोंधळायचं नाही, 'मॉडइन्फो' मारून व्हरमॅजिकची, म्हणजे मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बनलंय त्याची, ओळ युनेमशी ताडून बघायची.

मग कोड. हेडर तीन: मॉड्यूल, आय२सी, एचडब्ल्यूमॉन (हार्डवेअर मॉनिटरिंगचं). पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी, ती म्हणजे आपण प्रोग्रॅम लिहीत नाही आहोत, मेन नावाचं काही इथे नाहीच. आपण कर्नलकडे नाव नोंदवून ठेवतो की बाबा या नावाचं डिव्हाइस तुझ्या बसवर आलं तर मला हाक मार. लग्नघरात आचारी जसा आधीच ठरवून ठेवलेला असतो तसं, वऱ्हाड आलं की त्याचं काम सुरू. बसवर एका बाजूला डिव्हाइसांची यादी, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरांची, नाव जुळलं की कर्नल आपलं प्रोब फंक्शन बोलावतो.

ही नोंद म्हणजे 'आय२सी_ड्रायव्हर' नावाचं स्ट्रक्ट. त्यात ड्रायव्हरचं नाव, प्रोब, आणि दोन टेबलं: एक आयडी टेबल साध्या नावांचं, दुसरं डिव्हाइस ट्रीसाठी (बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी यादी), ज्यात 'घरचा,आढी७५' असं कॉम्पॅटिबल नाव टाकायचं. मी मुद्दाम एलएम७५ हे नाव घेतलं नाही, नाहीतर मूळ ड्रायव्हर आणि माझा यांच्यात भाऊबंदकी लागेल. दोन्ही टेबलांच्या शेवटी एक रिकामी एंट्री ठेवायचीच, कर्नलला टेबल कुठे संपलं ते त्यावरूनच कळतं, ती विसरलात तर तो पुढची मेमरी पण टेबल समजून वाचत जातो. प्रत्येक टेबलाखाली 'मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल' मॅक्रो. आणि सगळ्यात शेवटी 'मॉड्यूल_आय२सी_ड्रायव्हर' हा एका ओळीचा मॅक्रो, तो इनिट आणि एक्झिट दोन्ही फंक्शन लिहून देतो. जुन्या ट्युटोरियलात ही दोन फंक्शनं हाताने लिहिलेली दिसतील, चुकीची नाहीत पण आता गरज नाही.

जुन्या ट्युटोरियलांवरून आठवलं, प्रोबला आधी दोन आर्ग्युमेंट असायचे, क्लायंट, म्हणजे बसवरचं आपलं डिव्हाइस, आणि आयडी. कर्नल ६.३ पासून प्रोबला फक्त क्लायंट मिळतो. कुठूनतरी कॉपी केलेला कोड कंपायलरने नाकारला तर पहिला संशय यावर घ्या.

आणि 'मॉड्यूल_लायसन्स' मध्ये जीपीएल, म्हणजे लिनक्सचंच ओपन सोर्स लायसन्स, लिहायला विसरू नका. ही काही शोभेची ओळ नाही, एचडब्ल्यूमॉनची रजिस्टर करणारी फंक्शनं फक्त जीपीएल मॉड्यूलांनाच दिली जातात, दुसरं काही लिहिलंत तर ती सापडणारच नाहीत.

प्रोबमध्ये काय करायचं? सगळ्यात आधी अ‍ॅडॅप्टरला (पायमधल्या आय२सी कंट्रोलरला) विचारायचं की तुला बाइट आणि वर्ड दोन्ही वाचता येतात का, त्यासाठी 'आय२सी_चेक_फंक्शनॅलिटी' आहे. मग चिप खरंच तीच आहे का ते बघायचं, आणि इथे एलएम७५ जरा अडचणीत आणते कारण तिच्यात ओळख सांगणारं आयडी रजिस्टरच नाही, गावात नवीन आलेला माणूस नाव सांगत नाही तशी गत. थोडीफार खात्री एवढीच करता येते की कॉन्फिगरेशन रजिस्टरचे वरचे तीन बिट राखीव आहेत आणि शून्य असतात, तर ते बाइट वाचून ०एक्सई० शी अँड करायचं, काही शिल्लक राहिलं तर उणे ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही' हा एरर) परत करून गप्प बाहेर पडायचं. मात्र तुमच्याकडे टीएमपी७५ असेल तर हा नियम लावू नका, तिथे त्यातले दोन बिट रिझोल्युशनचे आहेत. याच कॉन्फिगरेशनचा सगळ्यात खालचा बिट शटडाउनचा, तो १ असेल तर चिप झोपलेली आहे, ०एक्स०० लिहून तिला उठवा.

शेवटी 'डेव्हएम_एचडब्ल्यूमॉन_डिव्हाइस_रजिस्टर_विथ_इन्फो'. नाव मालगाडीएवढं आहे पण काम सोपं करतं. याला आपण दोन फंक्शनं देतो, एक 'इज_व्हिजिबल' जे ०४४४ परत करतं म्हणजे फाईल सगळ्यांना वाचता येईल पण कुणाला लिहिता येणार नाही, आणि दुसरं रीड. बदल्यात सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाईली म्हणून दाखवतो त्या फोल्डरात, 'टेम्प१_इनपुट' नावाची फाईल आपोआप तयार होते आणि 'सेन्सर्स' ही कमांडसुद्धा आपल्याला ओळखायला लागते. सुरुवातीचं डेव्हएम म्हणजे डिव्हाइस गेलं की कर्नल स्वतःच आवराआवर करणार, उलट्या क्रमाने, त्यामुळे या ड्रायव्हरला रिमूव्ह फंक्शन लिहायचीच गरज नाही. मी पहिल्या व्हर्जनमध्ये डेव्हएमवालं रजिस्टर पण केलं आणि रिमूव्हमध्ये हाताने अनरजिस्टर पण केलं, एकच गोष्ट दोनदा काढली गेली, आरएममॉड मारून मॉड्यूल काढताच पाय हँग झाला. त्यामुळे टेस्टिंगसाठी वेगळं एसडी कार्ड ठेवा आणि इन्समॉडच्या, म्हणजे मॉड्यूल लोड करण्याच्या, आधी 'सिंक' (मेमरीतला डेटा कार्डावर उतरवणारी कमांड) मारायची सवय लावा. मे महिन्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नसतो तेव्हा ही सवय दोन्ही बाजूंनी कामाला येते.

आता रीड फंक्शन, पाच-सहा ओळींचं, आणि माझे तीन दिवस यातच गेले.

पहिला दिवस. 'आय२सी_एसएमबस_रीड_वर्ड_डेटा' वापरून रजिस्टर शून्य वाचलं, सात बिट उजवीकडे सरकवलं, ५०० ने गुणलं. ५०० का, तर या चिपचा एक टप्पा अर्ध्या डिग्रीचा आणि एचडब्ल्यूमॉनला मिलीडिग्री लागते, २८.५ डिग्री म्हणजे २८५००. कर्नलमध्ये दशांशवाले फ्लोट नंबर वापरत नाहीत म्हणून सगळा हिशोब पूर्णांकात, पूर्वीचे लोक पैशांत करायचे तसा. तर रीडिंग काय आलं? कधी ० आणि कधी उणे १२८. देवगडात, मे महिन्यात. शेजारचे काका डोकावून म्हणाले, "काय रे, आंब्याक ताप इलो की थंडी वाजता?"

कारण असं. आपण मराठीत पंचवीस म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत ट्वेंटी-फाईव्ह, मोठा आधी. एसएमबसचा, म्हणजे आय२सीच्या भावंडाचा, वर्ड (दोन बाइटचा आकडा) मराठीसारखा, पहिला येणारा बाइट लहान समजायचा. एलएम७५ इंग्रजीसारखी, मोठा बाइट आधी पाठवते. २८.५ डिग्री चिपच्या भाषेत ०एक्स१सी८०, उलटं वाचलं की होतं ०एक्स८०१सी, वरचा बिट १ म्हणजे ऋण संख्या, सात बिट सरकवून ५०० ने गुणलं की बरोब्बर उणे १,२८,०००. आणि पूर्ण २८ असेल तर ०एक्स१सी०० उलटून ०एक्स००१सी, सरकवलं की शून्य. म्हणजे मला दिसत होता तो फक्त अर्ध्या डिग्रीचा बिट, बाकी सगळं तापमान सरकवण्यात वाहून गेलेलं. माझ्या चिपचे खालचे उरलेले बिट शून्यच यायचे म्हणून दोनच आकडे दिसले, तुमच्याकडे ११ बिटवाली एलएम७५ए असेल तर आणखी वेगवेगळे आकडे दिसतील आणि ते जास्त धोक्याचं, कारण त्यातला एखादा ३२ वगैरे येऊन खरा वाटू शकतो. इलाज एका शब्दाचा, 'रीड_वर्ड_स्वॅप्ड' वापरा.

दुसरा दिवस. आकडे छान यायला लागले, २८.५, २९, २९.५. मग रात्री मांजर की घूस कोण जाणे, वायर ओढली गेली, आणि सकाळी लॉगमध्ये पहाटेपासून सलग उणे ०.५ डिग्री. एरर नाही, काही नाही, शांतपणे उणे अर्धा. झालं असं की रीडचं उत्तर मी थेट १६ बिटच्या व्हेरिएबलात घेत होतो. फंक्शन खरं तर ३२ बिटचा चिन्हासकट नंबर देतं, आणि ऋण आला तर तो एरर कोड असतो, पायवर चिपने उत्तर दिलं नाही की उणे १२१ येतो. मी न तपासता तोच उणे १२१ तापमान म्हणून सात बिट सरकवला, राहिला उणे १, गुणिले ५००, उणे अर्धी डिग्री. टाइमआउटचा उणे ११० किंवा साधा आयओ एररचा उणे ५ आला असता तरी हेच झालं असतं, हिशोब करून बघा. −१२८ बघून कुणीही म्हणेल काहीतरी गडबड आहे, पण उणे अर्धा हा एखाद्या सेन्सरला सहज शोभणारा आकडा आहे, कोल्ड रूममध्ये बसवला असता तर मला आजवर कळलं नसतं. तेव्हा उत्तर आधी 'इंट' मध्ये घ्या, शून्यापेक्षा लहान असेल तर जसंच्या तसं परत करा, आणि मगच १६ बिटचं बघा. असं केलं की वायर तुटल्यावर फाईल वाचणारी कॅट कमांड सरळ 'रिमोट आय/ओ एरर' म्हणते.

तिसरा दिवस कोल्ड रूमचाच. आमचा एक मित्र मासळीच्या धंद्यात आहे, त्याच्या उणे १८ च्या खोलीत हाच सेन्सर लावून बघितला तर आला २३८. डिग्री. सुरमई तळून निघाली असती. इथे चूक अशी की कालची दुरुस्ती करताना १६ बिटचं व्हेरिएबल मी बिनचिन्हाचं, यू१६ करून टाकलेलं. उणे १८ म्हणजे ०एक्सईई००, चिन्ह विसरलं की ६०९२८, सात बिट सरकवले की ४७६, त्याचं निम्मं २३८. कोकणात पारा शून्याखाली जात नाही म्हणून घरी ही चूक मला कधी दिसलीच नसती. एस१६ मध्ये कास्ट करून मग सरकवा.

म्हणजे अख्खं रीड फंक्शन असं: स्वॅप्ड वाचा, ऋण असेल तर परत करा, एस१६ करा, सात सरकवा, ५०० ने गुणा, व्हॅल्यूच्या पॉइंटरमध्ये ठेवा, ० परत करा. म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, हवा का असं कुणीतरी विचारेलच. एकच रजिस्टर एका फटक्यात वाचतोय तोवर नको, बसचं लॉक आय२सी कोअर स्वतः सांभाळतो. पण उद्या कॉन्फिगरेशन वाचून त्यातला एक बिट बदलून परत लिहायचं झालं तर वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरा कुणी घुसू शकतो, तेव्हा लागेल.

आता लोड करून बघायचं. 'सुडो इन्समॉड आढी७५.केओ', केओ म्हणजे बिल्ड झालेलं मॉड्यूल. 'अननोन सिम्बॉल' आलं तर आधी 'मॉडप्रोब एचडब्ल्यूमॉन' मारा, कारण इन्समॉड दुसरी मॉड्यूल्स स्वतःहून आणत नाही. लोड झालं तरी काहीच घडणार नाही, घाबरू नका, आचारी आला आहे पण वऱ्हाड यायचंय. आय२सी बसवर चिपला स्वतः मी आलोय असं सांगता येत नाही, यूएसबीसारखं नाही हे, म्हणून आपण सांगायचं: रूट होऊन 'आढी७५ ०एक्स४८' हे शब्द आय२सी-१ च्या 'न्यू_डिव्हाइस' फाईलमध्ये इको करा. आता डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा, आणि आय२सीडिटेक्ट परत मारलंत तर ४८ च्या जागी यूयू दिसेल, म्हणजे तो पत्ता आता ड्रायव्हरच्या ताब्यात. काढायचं असेल तर 'डिलीट_डिव्हाइस' मध्ये नुसता पत्ता इको करा आणि मग आरएममॉड.

लोड झाल्यावर लगेच खुश होऊन बंद करू नका. चालू असताना डेटाची वायर उपटा, एरर येतो का बघा, परत लावा, आकडा परत येतो का बघा. चिपवर बोट ठेवा, दोन-तीन डिग्री चढायला हवी. लोड-अनलोड वीसेक वेळा लूपमध्ये करा. आणि रीडमध्ये छापाछापी करायची तर डेव्ह_डीबीजी वापरा, डेव्ह_इन्फो नको, नाहीतर दर वाचनाला एक ओळ पडून कर्नलचा लॉग आंब्याच्या पेटीसारखा दाबून भरेल आणि कामाची ओळ सापडणार नाही.

न्यू_डिव्हाइसची नोंद रीबूटला पुसली जाते. कायमचं हवं असेल तर डिव्हाइस ट्री ओव्हरले लिहा, छोटीशी फाईल, तिचं लक्ष्य आय२सी१, आत एक नोड, त्यात कॉम्पॅटिबल तेच 'घरचा,आढी७५' आणि रेगमध्ये ०एक्स४८. डीटीसीने कंपाईल करताना '-@' विसरू नका, तयार फाईल ओव्हरलेजच्या फोल्डरात, आणि कॉन्फिगमध्ये 'डीटीओव्हरले=आढी७५'. मॉड्यूल लिब-मॉड्यूल्समध्ये इन्स्टॉल करून 'डेपमॉड -ए' चालवलंत की मघाच्या त्या टेबल मॅक्रोमुळे बूटच्या वेळी ते आपोआप लोड होतं, वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. कर्नल अपडेट झाला की मात्र जुनं केओ चालणार नाही, परत बिल्ड करावं लागेल. त्यासाठी डीकेएमएस आहे, एकदा सेट केलं की प्रत्येक नवीन कर्नलला तो स्वतः बिल्ड करतो, किंवा माझ्यासारखं करा, हंगाम संपेपर्यंत अपडेटच मारू नका.

काका अजूनही पेंढ्यात हात घालूनच बघतात. परवा ते म्हणाले मधला थर तापलाय, उलथून घे. मी फाईल कॅट केली, ३१०००. घेतला उलथून.